मणक्याच्या ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूवर नजर : रेकॉर्डिंग इलेक्ट्रोड कसे निवडायचे

वाकडा कणा सरळ करण्यासाठी सर्जन रॉड फिरवत असतात आणि नेमका तेव्हाच उजव्या पायाचा सिग्नल निम्म्याच्या खाली येतो. ओटीतले सगळे मॉनिटरिंग करणाऱ्याकडे बघतात. सर्जन एवढंच विचारतात, "खरं आहे का?" रॉड सैल करायचा की पुढे जायचं, हे त्या उत्तरावर ठरणार असतं. टेबलावर चौदा वर्षांची मुलगी आहे. संध्याकाळी ती पायाची बोटं हलवणार का, हाही प्रश्न त्याच उत्तरात गुंतलेला आहे.

ते उत्तर ठामपणे देता यावं याची तयारी सकाळीच झालेली असावी लागते. भूल दिल्यावर आणि पेशंटला पालथं करण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, त्यात कुठला इलेक्ट्रोड कुठे लावला आणि कसा बांधला, यावर दुपारची सगळी भिस्त असते. मॉनिटरिंगमध्ये नव्याने आलेले टेक्नॉलॉजिस्ट, भूलशास्त्राचे आणि न्यूरोचे रेसिडेंट यांच्यासाठी हा लेख आहे. आपापल्या हॉस्पिटलची कार्यपद्धती आणि मशिनच्या सूचना त्याच्या वरच्या, हे धरूनच वाचा.

शिकवताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते : प्रत्येक इलेक्ट्रोडला साक्षीदार लागतो. सिग्नल पडला तर दोष मज्जारज्जूत आहे, भुलीत आहे की माझ्याच सुईत आहे, हे सांगणारा दुसरा कुणीतरी स्क्रीनवर हवा. पुढचे सगळे टप्पे याच गरजेपोटी आले आहेत.

पहिला टप्पा : आधी प्रश्न, मग सुई

मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभांतून स्पर्शाची आणि सांध्यांच्या स्थितीची माहिती वर मेंदूकडे जाते. हालचालीचे आदेश बाजूच्या आणि पुढच्या भागांतून खाली येतात. दोन्हींचा रक्तपुरवठाही वेगळा आहे. पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग एकाच धमनीवर जगतो, तर मागच्या भागाला दोन धमन्या आहेत. पुढच्या धमनीचं रक्त कमी पडलं, तर संवेदनांचा सिग्नल शेवटपर्यंत उत्तम राहूनही पेशंट जागा झाल्यावर पाय हलवू शकत नाही, असं घडू शकतं.

म्हणून दोन्ही वाटांवर पहारा ठेवायचा. एसएसईपीमध्ये आपण घोट्याच्या किंवा मनगटाच्या नसेला झटका देतो आणि वर जाणारा सिग्नल डोक्यावर टिपतो. एमईपीमध्ये डोक्यावरून मेंदूला झटका देतो आणि खाली आलेला आदेश स्नायूंमध्ये टिपतो. ही सोय नव्हती तेव्हा सर्जनकडे वेक-अप टेस्ट होती. १९७३ साली फ्रान्समध्ये ती मांडली गेली : ऑपरेशन थांबवायचं, भूल हलकी करायची आणि पेशंटला पाय हलवायला सांगायचं. शेवटचा आधार म्हणून ती आजही मनात तयार ठेवावी लागते. पण ती फक्त त्या एका क्षणाचं सांगते, इजा नेमकी केव्हा झाली ते सांगत नाही.

१९९५ साली स्कोलिओसिसच्या, म्हणजे वाकड्या कण्याच्या, ५१,२६३ ऑपरेशनांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. एसएसईपीचा भरपूर अनुभव असलेल्या टीमकडे मज्जासंस्थेला इजा होण्याचं प्रमाण, फारसा अनुभव नसलेल्या टीमच्या निम्म्याहूनही कमी निघालं. मशिनइतकंच ते चालवणाऱ्या हाताला महत्त्व आहे, असं मी या आकड्यावरून नव्या मुलांना सांगते.

तेव्हा आदल्या दिवशी एमआरआय आणि सर्जनचा बेत बघूनच इलेक्ट्रोडची यादी करा. छातीच्या कण्याची वक्रता सरळ करायची असेल तर पायांचे एसएसईपी आणि एमईपी मुख्य, हात साक्षीदार. मानेच्या मणक्यात दाब असेल तर हातही पहाऱ्याखाली येतात आणि दंडाखांद्याचे स्नायू धरावे लागतात. कमरेच्या खालच्या मणक्यांत मज्जारज्जू संपलेला असतो. तिथे प्रश्न नसांच्या मुळांचा असतो, म्हणून ज्या-त्या मुळाचा स्नायू निवडून त्यात ईएमजी, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल, बघायची. मज्जारज्जूच्या आतली गाठ काढायची असेल तर डी-वेव्हचा विचार करा. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरा टप्पा : सिग्नल केवढा आणि गोंगाट केवढा

स्नायूतला एमईपी शेकडो मायक्रोव्होल्टचा असू शकतो. एका झटक्यात दिसतो, सरासरी काढावी लागत नाही. पायाचा एसएसईपी डोक्यावर टिपताना मात्र भुलीखाली जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्ट मिळतात आणि तेही मेंदूच्या स्वतःच्या लहरींत बुडालेले. म्हणून मशिन शेकडो झटक्यांची सरासरी काढतं. सरासरीचं गणित सोपं आहे : गोंगाट झटक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो.

समजा सिग्नल २ मायक्रोव्होल्टचा आहे आणि गोंगाट २० चा. गोंगाट १ वर आणायला ४०० झटके लागतील. सेकंदाला ४.७ झटके या वेगाने त्याला सुमारे ८५ सेकंद लागतात. आता इलेक्ट्रोडची जागा आणि जोडी नीट निवडून गोंगाट १० वर आणला, तर तेवढंच स्वच्छ चित्र १०० झटक्यांत, म्हणजे सुमारे २१ सेकंदांत मिळतं. रॉड फिरवल्यावर २१ सेकंदांत कळणं आणि ८५ सेकंदांत कळणं यात मज्जारज्जूच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. इलेक्ट्रोडची निवड म्हणजे वेळेची निवड, हे माझ्या डोक्यात या गणितानेच पक्कं बसलं.

झटक्यांचा वेग ४.७ असा विचित्र का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला ५ झटके दिले तर प्रत्येक झटका विजेच्या लहरीच्या त्याच बिंदूवर पडतो आणि सरासरीत गोंगाट विरण्याऐवजी साठतो. ५० ला पूर्ण भाग न जाणारा वेग ठेवला की तो विरतो.

इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा, ५ किलो-ओहमच्या आत ठेवायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. जोडीतला सारखेपणा त्याहून महत्त्वाचा आहे, ते मात्र विसरलं जातं. ॲम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोजतो. दोघांवर सारखाच आलेला ५० हर्ट्झचा गोंगाट वजा होऊन जातो. पण एकाचा इम्पीडन्स १ आणि दुसऱ्याचा ९ असेल, तर तो गोंगाट दोघांकडे सारखा पोचतच नाही आणि वजाबाकीनंतर उरतो. त्यापेक्षा दोन्हीकडे ४ असलेली जोडी बरी. गोंगाट दिसला की नॉच फिल्टर, म्हणजे ५० हर्ट्झ गाळणारी मशिनमधली सोय, लावायचा मोह होतो. एसएसईपीत तो टाळा. झटका देताच रेषेवर उमटणाऱ्या मोठ्या खुणेमुळे फिल्टर स्वतःच लहरी निर्माण करतो आणि त्या सिग्नलसारख्याच दिसतात. आधी सैल सुई शोधा.

तिसरा टप्पा : इलेक्ट्रोडचे प्रकार आणि त्यांचा स्वभाव

ओटीत सगळ्यात जास्त वापरली जाते ती त्वचेखाली टोचायची सरळ सुई. स्टेनलेस स्टीलची, साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची आणि १२-१३ मिलिमीटर लांबीची. ती चटकन लागते, इम्पीडन्स लगेच कमी मिळतो आणि जेल सुकण्याची भीती नसते. तिचा दुर्गुण एकच : ओढ बसली की अलगद निघते, आणि चादरींखाली निघालेली कुणाला दिसत नाही.

कॉर्कस्क्रू म्हणजे फिरवून बसवायची मळसूत्री सुई. टाळूच्या कातडीत ती घट्ट बसते. पेशंट पालथा होताना डोकं हलतं, तेव्हा तिचा खरा उपयोग कळतो. डोक्यावर रेकॉर्डिंगसाठी मी शक्यतो तीच वापरते. एमईपीचा झटका देण्यासाठीही तीच चालते. पण बाळाची टाळू भरलेली नसेल, कवटीला जुन्या ऑपरेशनचं भोक असेल किंवा कातडीखालून शंटची (मेंदूतलं जादा पाणी खाली नेणारी) नळी गेली असेल, तर त्या जागी ती अजिबात लावायची नाही.

सोनेरी किंवा चांदीच्या कपांना पेस्ट लावून बसवणं ही ओपीडीची आणि आयसीयूची रीत. ते घट्ट राहावेत म्हणून लावतात ते कोलोडियन ज्वालाग्राही असतं. कॉटरी (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र) चालणाऱ्या ओटीत मी ते आणत नाही. चिकटणारे जेलचे इलेक्ट्रोड मात्र ओटीत उपयोगी आहेत, विशेषतः रक्त न गोठण्याचा त्रास असलेल्या पेशंटमध्ये आणि जिथे खाली नाजूक काही आहे अशा जागी. त्यांचे शत्रू तीन : घाम, बीटाडिनचे ओघळ आणि आठ तासांचं ऑपरेशन. लावण्याआधी कातडी स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या, मग वरून पारदर्शक पट्टी चिकटवा.

जाड पेशंटच्या मांडीत १३ मिलिमीटरची सुई चरबीतच राहते आणि एमईपी लहानसा, डळमळीत येतो. तिथे जास्त लांबीची सुई किंवा हुकवायर घ्या. हुकवायर ही केसासारखी बारीक तार सुईतून आत सोडतात. सुई काढली तरी तार स्नायूत अडकून राहते.

दोन बारीक गोष्टी. एका जोडीत दोन वेगवेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड लावू नका. धातूंच्या फरकाने स्वतःचा व्होल्टेज तयार होतो आणि रेषा तरंगत राहते. दुसरं, स्नायूसाठी जोडवायरी एकमेकींत पिळलेल्या घ्या. पीळ असला की दोन्ही वायरींत आसपासचा गोंगाट जवळजवळ सारखाच शिरतो आणि वजाबाकीत निघून जातो. सुट्या वायरी टेबलाखाली फाकलेल्या राहिल्या तर त्या अँटेनाच होतात.

चौथा टप्पा : डोक्यावरच्या जागा

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. त्याचा मध्य म्हणजे सीझेड. तिथून त्याच अंतराच्या दहा टक्के मागे सीपीझेड. ३६ सेंटिमीटरचं अंतर असेल तर ३.६ सेंटिमीटर मागे. सीझेडच्या दोन्ही बाजूंच्या सी-३ आणि सी-४ या जागांच्या मागे तशाच सीपी-३ (डावीकडे) आणि सीपी-४ (उजवीकडे). कपाळावर मध्यभागी एफपीझेड. अंदाजाने लावू नका, टेप वापरा. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत असतो आणि एका बोटाच्या अंतराने सिग्नल अर्धा होऊ शकतो.

याच फटीमुळे एक गंमत होते, जी नव्या माणसाला गोंधळात टाकते. उजव्या पायाची माहिती डाव्या अर्धगोलात पोचते, पण फटीच्या भिंतीवरून तिचा रोख पलीकडे असतो. त्यामुळे डोक्यावर सिग्नल उजव्या बाजूला, म्हणजे झटका दिलेल्या पायाच्याच बाजूला मोठा दिसतो. पलीकडच्या, म्हणजे डाव्या बाजूला तो उलटा असतो, म्हणून वजाबाकीत फरक मोठा येतो. तेव्हा उजव्या पायासाठी सीपीझेड आणि सीपी-३ ही जोडी बघा, डाव्या पायासाठी सीपीझेड आणि सीपी-४.

जुनी सवय कपाळाला रेफरन्स, म्हणजे जोडीतला तुलनेचा इलेक्ट्रोड, धरायची. प्रोपोफॉल या शिरेतून देण्याच्या औषधाच्या भुलीत मेंदूच्या लहरी कपाळाकडेच जोरात असतात आणि त्या सगळ्या तुमच्या सिग्नलमध्ये उतरतात. मागच्या-मागच्या दोन इलेक्ट्रोडची जोडी केली तर दोघांवरचा गोंगाट बराच सारखा असतो आणि वजा होतो. वर मांडलेल्या गणितातला गोंगाट २० चा १० होतो तो बहुतेक इथेच. तरी प्रत्येकाचा मेंदू वेगळा. सुरुवातीला तिन्ही जोड्या चालवून बघा आणि ज्यात सिग्नल सगळ्यात लवकर स्वच्छ होतो, ती त्या पेशंटची जोडी. हातासाठी वेगळे इलेक्ट्रोड लागत नाहीत. उजव्या हाताचा सिग्नल सीपी-३ आणि सीपीझेड या जोडीतच चांगला दिसतो.

इथे आपल्याकडची एक व्यवहारातली अडचण. आई मुलीच्या केसांना आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडून घट्ट वेणी घालते, मायेनेच. त्या तेलावर ना पट्टी चिकटते ना पेन्सिलची खूण राहते, आणि जेलचा इलेक्ट्रोड तर सरळ घसरतो. म्हणून आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन मी स्वतः सांगते : केस शांपूने धुवा, तेल नको, आणि दोन सैल वेण्या कानांच्या पुढे. मागे अंबाडा असला तर सीपीझेडची जागाच मिळत नाही. हे सांगताना मुलीशी चार शब्द बोलणंही होतं, आणि त्याने तिला बरं वाटतं.

पाचवा टप्पा : साक्षीदार

गुडघ्यामागे घडीच्या थोडं वर, मध्यभागी एक इलेक्ट्रोड आणि जोडीचा दुसरा गुडघ्याच्या आतल्या हाडावर. घोट्याला दिलेला झटका नसेतून वर निघाला की नाही, हे हा सांगतो. डोक्यावरचा सिग्नल गेला आणि गुडघ्याचा शाबूत आहे, तर झटका पोचतो आहे. दोष वर कुठेतरी आहे. गुडघ्याचाही गेला, तर आधी घोट्याची वायर बघा, मग पायाचं रक्त.

हातासाठी हीच जागा कॉलरबोनच्या मध्याच्या वर, अर्ब पॉइंटला. तिथे खाली फुप्फुसाचं टोक आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून मी लांब सुई टोचत नाही, चिकटणारा इलेक्ट्रोडच लावते. दोन्ही बाजूंचे अर्ब एकमेकांना रेफरन्स होतात, मशिनच्या एकाच वाहिनीत (चॅनलमध्ये) काम भागतं.

तिसरा साक्षीदार मेंदूच्या खालच्या पातळीवरचा. कानामागच्या हाडावरचा इलेक्ट्रोड कपाळाच्या इलेक्ट्रोडशी जोडला की मेंदूच्या देठाजवळचा सिग्नल मिळतो. त्याच्यावर भुलीचा परिणाम कॉर्टेक्सपेक्षा (मेंदूच्या वरच्या थरापेक्षा) कितीतरी कमी होतो. वरचा पडला आणि हा टिकला, तर संशय भुलीवर घ्यायचा. पुस्तकात हा मानेच्या मागे पाचव्या मणक्यावर दाखवलेला असतो. पण मानेच्या ऑपरेशनमध्ये ती जागा सर्जनची असते, शिवाय स्नायू शिथिल करणारं औषध नसताना मानेचे स्नायू फार गोंगाट करतात. कानामागची जागा त्यामानाने शांत.

छातीच्या कण्याच्या ऑपरेशनमध्ये हात हा सगळ्यात मोठा साक्षीदार. हाताची वाट ऑपरेशनच्या जागेच्या वरूनच निघून जाते. पाय पडले आणि हात टिकले तर भूल किंवा रक्तदाब हे एकटं कारण असण्याची शक्यता कमी होते. आणखी एक फायदा आहे. पालथ्या पेशंटचा हात खांद्यात ताणला गेला की त्याच बाजूचा अलनर नसेचा (करंगळीकडे जाणाऱ्या नसेचा) सिग्नल हळूहळू कमी होतो. हात जरा खाली घेतला की परत येतो. त्या मुलीचा हात वाचतो. मात्र बीपीचा कफ ज्या दंडावर आहे तिथला सिग्नल कफ फुगला की पडतोच. कफ कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा.

सहावा टप्पा : कुठला स्नायू

मेंदूपासून येणारी वाट ज्या स्नायूंकडे जास्त दाट आहे ते निवडा : हाताच्या पंजाचे छोटे स्नायू, नडगीच्या बाहेरचा टिबियालिस अँटिरियर आणि तळपायाच्या आतल्या कमानीचा ॲबडक्टर हॅल्युसिस. हा शेवटचा माझा सगळ्यात विश्वासू. बाकीचे स्नायू दिसेनासे झाले तरी तो बऱ्याचदा टिकून राहतो. सुई तळव्याच्या जाड कातडीतून न टोचता पायाच्या आतल्या बाजूने टोचा. मांडीचा पुढचा स्नायू मोठा असला तरी एमईपीत तेवढा भरवशाचा नाही. तरी कमरेच्या वरच्या मुळांसाठी तो लागतो.

जोडीच्या दोन सुया एकाच स्नायूत दोन-तीन सेंटिमीटरवर. मानेच्या ऑपरेशनमध्ये डेल्टॉइड आणि बायसेप्स विसरू नका, पाचव्या मुळाची कमजोरी तिथेच कळते. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या ऑपरेशनमध्ये पोटरी आणि गुदद्वाराचा स्नायू घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, एक-एक सुई. लघवी-शौचाचा ताबा हा पेशंटच्या आयुष्यात चालण्याइतकाच मोठा विषय आहे. तिथे टोचणं अवघडल्यासारखं वाटतं म्हणून तो वगळणं मला पटत नाही.

वाहिन्या कमी पडल्या तर एक सुई अंगठ्याच्या उंचवट्यात आणि दुसरी करंगळीच्या बाजूला लावून दोन स्नायू एका वाहिनीत घेता येतात. नेमका कुठला स्नायू गेला ते मग कळत नाही. साक्षीदार हातासाठी ते चालतं, ज्या मुळाला धोका आहे तिथे चालत नाही.

आता सुरुवातीच्या त्या मुलीचा हिशोब, १६ वाहिन्यांच्या मशिनवर. डोक्यावर चार आणि कानामागे एक इलेक्ट्रोड : त्यातून डोक्याच्या तीन वाहिन्या आणि देठाची एक. दोन गुडघ्यांच्या दोन वाहिन्या, चार इलेक्ट्रोड. अर्बची एक वाहिनी, दोन इलेक्ट्रोड. दोन्ही बाजूंना पंजा, मांडी, टिबियालिस आणि ॲबडक्टर हॅल्युसिस, म्हणजे आठ वाहिन्या आणि सोळा सुया. एक ग्राउंड, म्हणजे सगळ्यांचा सामाईक इलेक्ट्रोड, झटका देण्याची जागा आणि टिपण्याची जागा यांच्या मध्ये, खांद्यावर. एकूण १५ वाहिन्या आणि २८ इलेक्ट्रोड. सोळावी वाहिनी मी मोकळी ठेवते. ऑपरेशन सुरू असताना एखादी वाहिनी बिघडली तर तीच धावून येते.

सातवा टप्पा : डी-वेव्ह, जेव्हा आत गाठ असते

मेंदूला एकच झटका दिला तर मज्जारज्जूतून खाली जाणारी पहिली लाट थेट मज्जारज्जूवरच टिपता येते. १९५४ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत पॅटन आणि अमासियन यांनी तिचं वर्णन केलं. तिच्यासाठी बारीक, लवचिक इलेक्ट्रोड लागतो, आणि तो सर्जन स्वतः मणक्याची कमान काढल्यावर मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. एक गाठीच्या खाली, तो खरा पहारेकरी. जागा असेल तर दुसरा गाठीच्या वर, तो साक्षीदार. वरचा स्थिर आणि खालचा पडला तर काम थांबवायची वेळ आली.

तिची किंमत अशी की स्नायूतला एमईपी पूर्ण गेला तरी डी-वेव्ह निम्म्याहून जास्त टिकली असेल, तर येणारी कमजोरी बहुतेक तात्पुरती असते. अशा वेळी सर्जन जपून पुढे जाऊ शकतात. निम्म्याहून जास्त पडली तर कायमच्या कमजोरीची भीती. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचाही तिच्यावर परिणाम नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. छातीच्या कण्याच्या शेवटाकडे हे तंतू कमी होत जातात, म्हणून त्याखाली ती मिळत नाही. अगदी लहान बाळांत आणि आधीच खूप इजा झालेल्या मज्जारज्जूत ती दिसेलच असं नाही. वक्रता सरळ करण्याच्या ऑपरेशनमध्ये मज्जारज्जू इलेक्ट्रोडपासून दूर किंवा जवळ सरकतो आणि लाट उगाच लहान-मोठी होते. तिथे तिच्यावर विसंबू नका. बसवल्यावर इलेक्ट्रोड टाक्याने बांधून घ्यायला सर्जनना आठवण करा, आणि जखमेत गार पाणी ओतलं की लाट बदलते हे लक्षात असू द्या.

आठवा टप्पा : लावणं, बांधणं, जपणं

क्रम असा ठेवा : भूल, नळी, दातांमध्ये मऊ गुंडाळी (एमईपीच्या झटक्याला जबडा आवळतो आणि जीभ चावली जाते), मग इलेक्ट्रोड. मानेत दाब असलेल्या पेशंटचे सिग्नल उताणं असतानाच एकदा घेऊन ठेवा. पालथं करताना काही बिघडलं तर तुलनेला काहीतरी हवं. भूलतज्ज्ञांशी आधीच बोला. एमईपीसाठी शिरेतून प्रोपोफॉलची भूल हवी, वायूची भूल शक्यतो टाळायला हवी आणि नळी घातल्यानंतर स्नायू शिथिल करणारं औषध नको.

प्रत्येक सुईपाशी वायरचा एक सैल वळसा आणि त्यावर पट्टी, म्हणजे ओढ वळशाला बसते, सुईला नाही. सुईचा प्लॅस्टिकचा माथा पेशंटच्या वजनाखाली येत नाही ना ते बघा. पालथ्या पेशंटची नडगी उशीवर असते आणि सहा तासांत तिथे फोड येऊ शकतो. पालथं केल्यावर लगेच पूर्ण इम्पीडन्स तपासा, चादरी पडण्याआधी.

भाजण्याचा धोका खरा आहे. कॉटरीची परतीची प्लेट नीट चिकटलेली नसेल तर तिचा प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि सुईचं टोक इतकं बारीक की थोडा प्रवाहही तिथे भाजू शकतो. प्लेट पूर्ण चिकटली आहे का बघा, आणि जखम ते प्लेट या वाटेवर सुया ठेवू नका. जोडवी, पैंजण, नथ वॉर्डातच उतरवलेली असायला हवीत. ओटीत आल्यावर पुन्हा एकदा नजर टाका. मध्येच एमआरआय करायची वेळ आली तर स्टीलची प्रत्येक सुई आधी काढायची.

एकदा वापरायच्या सुया धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याबद्दल मला विचारलं जातं. करू नका. टोक बोथट होतं, माथ्याजवळची जोड सैल होते आणि रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका पेशंटच्या माथी मारला जातो. पैसे वाचवायचे असतील तर विचार करून स्नायू कमी करा, पण सुई नवीच घ्या.

सिग्नल पडला तेव्हा

आता सुरुवातीच्या त्या क्षणाकडे. उजव्या पायाचा एसएसईपी निम्म्याच्या खाली आला. सर्जनला लगेच सांगा, तपासणी पूर्ण होईपर्यंत वाट पाहू नका. "उजवा पाय पडतोय, तपासतेय," एवढं पुरे. मग साक्षीदारांना विचारा. उजव्या गुडघ्यामागचा सिग्नल? शाबूत, म्हणजे झटका पोचतोय. डावा पाय? ठीक. दोन्ही हात? ठीक, म्हणजे भुलीचा सगळीकडचा परिणाम नव्हे. डोक्यावरचे इम्पीडन्स? सगळे ५ च्या आत. एमईपी घ्या : उजवा पंजा ठीक, उजवा ॲबडक्टर हॅल्युसिस गायब, टिबियालिस अर्धा. हे सगळं मिनिटाभरात होतं.

आता बोला : "खरं आहे. फक्त उजवा पाय, दोन्ही वाटा." सर्जन रॉड सैल करतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब वर नेतात, आणि तुम्ही दर २०-२५ सेकंदांनी नवा आकडा सांगत राहता. तो परत वर यायला लागला तर तोही आकडा मोठ्याने सांगा. सर्जनच्या हाताला तो ऐकण्याची गरज असते.

ऑपरेशन संपल्यावर पेशंट उताणा झाला की इलेक्ट्रोड काढा, पायांपासून डोक्याकडे. सुई ओढताना दुसरा हात समोर ठेवू नका, टोपण परत घालू नका, सरळ पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाका. केसांत बोटं न घालता वायरीचा माग घेत कॉर्कस्क्रू उलटा फिरवून काढा. सकाळच्या कागदावर २८ लिहिलेले आहेत. मोजून २८ भरले की कागदावर सही करा. २७ भरले तर चादरी, गादी, वेणी सगळं बघा, आणि अठ्ठाविसावा सापडेपर्यंत पेशंटला ट्रॉलीवर घेऊ देऊ नका.